टाटा घराण्याचे कागद आणि पोलादामागची गोष्ट

टाटांची जुनी पत्रं, फोटो, कंपन्यांचं रेकॉर्ड हे सगळं पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्हजमध्ये जपून ठेवलंय. घरचे कागद आणि ऑफिसचे कागद एकत्रच वाचायला हवेत असं मला मनापासून वाटतं, कारण या घराण्यात दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत.

पोलादाची सुरुवात खरं तर जमशेदपूरला नाही, आपल्या चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) झाली. १८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती जर्मन भूवैज्ञानिक फॉन श्वार्ट्झ यांचा रिपोर्ट आला, त्यात लोहाऱ्याच्या लोहखनिजाची भरपूर तारीफ होती, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा टेस्टमध्ये चालेना आणि सरकारी खाणनियमही जाचक, मग विषय मागे पडला तो थेट १८९९ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने नियम सैल करेपर्यंत. पुढे मुलगा दोराबजी नागपुरात कमिशनरची वाट बघत म्युझियममध्ये शिरले, तिथल्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा दिसल्या आणि शोध तिकडे वळला. शेवटी जागा ठरली ती मात्र एका पत्रामुळे. २४ फेब्रुवारी १९०४ ला भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी जमशेटजींना ओडिशातल्या मयूरभंजमधल्या लोखंडाबद्दल लिहिलं. जमशेटजी त्याच वर्षी १९ मेला जर्मनीत वारले.

कारखाना त्यांनी पाहिला नाही, पण १९०२ मध्येच दोराबजींना लिहिलेल्या पत्रात गाव कसं असावं ते सांगून ठेवलं होतं: रुंद रस्ते, भराभर वाढणारी सावलीची झाडं, फुटबॉल-हॉकीला मोकळी जागा, देवळं, मशिदी, चर्च. जागेचा पत्ता नाही आणि माणूस झाडांचा विचार करतोय, मला हे पत्र फार मोठं वाटतं!

१९०७ मध्ये कंपनी झाली, १९१२ मध्ये पोलाद निघालं. १९२४ मध्ये पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहरबाईंचे दागिने इंपीरियल बँकेकडे तारण ठेवले, त्यात २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. आता हा व्यवहार घरचा म्हणायचा की धंद्याचा? कंपनी त्यातून सावरली, हिरा पुढे विकला गेला, त्याचा पैसा दोराबजींच्या ट्रस्टकडे आला आणि त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल उभं केलं.