हवामान मॉडेल आणि मराठवाडा

हवामान मॉडेल म्हणजे वातावरणाचं कॉम्प्युटरवर मांडलेलं गणित. दाब, तापमान, वारा, बाष्प यांची आत्ताची स्थिती घ्यायची आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी ती काही मिनिटांच्या पायऱ्यांनी पुढं सरकवत न्यायची. आपल्याकडं जून लागला की प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'मॉडेल पाऊस दाखवतंय' म्हणून नकाशे फिरतात, पूर्वी पारावर यंदा मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा यावर वाद व्हायचा तसा आता त्या निळ्या-जांभळ्या डागांवर होतो.

कल्पना जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसननं हाताने आकडेमोड करून युरोपातल्या सहा तासांचा अंदाज काढला, १९२२ ला पुस्तक छापलं, उत्तर सपशेल चुकलं पण रीत बरोबर होती. १९५० मध्ये एनियाक कॉम्प्युटरवर पहिला जमेल तसा अंदाज निघाला. पुढं स्युकुरो मानाबे यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती वाढेल याचं मॉडेल बांधलं, त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरी गोम ग्रिडमध्ये आहे. मॉडेल पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडतं आणि एका तुकड्यात सगळीकडं हवा सारखीच असं धरून चालतं. पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था) अर्थ सिस्टम मॉडेल, म्हणजे दूरच्या भविष्याचं हवामान काढणारं, त्याचा तुकडा साधारण २०० किमीचा. मराठवाडा सगळा मिळून ६४ हजार चौ. किमीच्या आसपास, म्हणजे आठ जिल्हे दीड-दोन तुकड्यांत संपले! बीड आणि नांदेड एकाच मापात. रोजच्या अंदाजाचं ग्रिड १२ किमीचं होतं, मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टमनं ते ६ किमीवर आणलं, तरी एका तुकड्यात चार-पाच गावं येतातच. आणि आपला पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं.

मोठ्या ग्रिडचा अजून एक घोळ मराठवाड्याला थेट बाधतो. आपण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि आपल्याकडं आख्ख्या पावसाळ्यात सरासरी सातशेच्या आत-बाहेर. पण सह्याद्रीची रांग अरुंद आहे, २०० किमीच्या तुकड्यात सरासरी काढली की डोंगर चेपून बुटका टेकाड होतो, मग सावली पडणार कशाची? म्हणजे ज्याच्यामुळं आपण कोरडे तेच मॉडेलमध्ये पुसट.

संशोधकाचा बराचसा वेळ इथंच जातो. ढग तुकड्यापेक्षा लहान असतो, तो समीकरणात दिसत नाही, मग 'इतकं बाष्प, इतकं तापमान असेल तर ढग साधारण असा वागेल' अशी सूत्रं बसवावी लागतात, त्याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. सूत्र थोडं बदललं की पाऊस बदलतो. म्हणून ते रडारच्या आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींशी पडताळत बसायचं, हे काम किचकट आहे आणि त्याची बातमी होत नाही.

दुसरं, एडवर्ड लोरेन्झनं १९६३ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या आकड्यात दशांश चिन्हापुढची बारीकशी चूक असली तरी पुढं सगळं भरकटतं. त्यामुळं एकच मॉडेल थोड्या थोड्या फरकानं बऱ्याच वेळा चालवतात आणि शक्यता सांगतात. क्लायमेट मॉडेल २०५० च्या मृगात पाऊस कुठल्या तारखेला ते सांगतच नाही, ते सांगतं पावसातले खंड वाढतील का, एका दिवसात धो-धो पडण्याचं प्रमाण किती. दोन्ही टोकं आपण पाहिलीत, २०१५ चा जोरदार एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला मान्सून बहुतेकदा कमजोर पडतो, तो प्रकार) आणि मग एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी, आणि सप्टेंबर २०२५ ला मांजरा-सीना काठची शेतं खरवडून नेणारा पूर.

आमच्याकडं एका जूनमध्ये अ‍ॅपवर 'मध्यम पाऊस' बघून सोयाबीन टाकलं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस नोंदला गेला, आमच्या बांधावर मात्र धुरळा. दुबार पेरणी करावी लागली आणि कागदोपत्री पाऊस झालेला!

७५ ते १०० मिमी पाऊस आणि चांगला वाफसा आल्याशिवाय पेरू नका हा कृषी खात्याचा सल्ला म्हणूनच जिवंत आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी-हवामान सल्लाही मॉडेलच्या आकड्यांवरच उभा असतो, फक्त त्यात फवारणी कधी थांबवायची हे मराठीत लिहिलेलं असतं.