तुरुंगातील माजी सैनिकांची अपंगत्व भरपाई : अमेरिकेतील नियमांची पार्श्वभूमी

सैन्यातील सेवेमुळे जडलेल्या दुखापतीची किंवा आजाराची भरपाई अमेरिकेतील माजी सैनिकाला दरमहा, करमुक्त आणि अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार मिळते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला की ही भरपाई संपते, असा समज सहज होतो. पण कायदा तसे म्हणत नाही. कायद्याने रक्कम कापली, हक्क काढून घेतला नाही. या विषयातील बहुतेक अडचणी या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षातून आलेल्या आहेत.

ही कपात ऑक्टोबर 1980 मधील कायद्याने आली. कैद्याच्या अन्नवस्त्राचा आणि औषधोपचाराचा भार सरकार उचलतच असते, मग त्याच व्यक्तीवर दुहेरी खर्च कशासाठी, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता. त्याच महिन्यात कैद्यांच्या सोशल सिक्युरिटी (सरकारी सामाजिक सुरक्षा योजना) लाभांवरही निर्बंध आले. नव्या नियमानुसार दोषी ठरल्यानंतरच्या तुरुंगवासाच्या 61व्या दिवसापासून 20 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाला फक्त 10 टक्क्यांच्या दराने रक्कम मिळते, आणि ज्याचे अपंगत्व मुळातच 10 टक्के आहे त्याला त्याच्या निम्मी. 2025 च्या दरांनी पाहिले तर पूर्ण अपंगत्व असलेल्या एकट्या माजी सैनिकाचे महिन्याचे 3,831.30 डॉलर 175.51 डॉलरवर येतात. खटला चालू असताना झालेल्या कोठडीला ही कपात लागू नाही, आणि किरकोळ गुन्ह्यालाही नाही. उत्पन्नाच्या निकषावर मिळणारे निवृत्तिवेतन मात्र वेगळे. ते किरकोळ गुन्ह्यातही 61व्या दिवसापासून पूर्ण थांबते.

1980 हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्या वर्षी अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे ‘पीटीएसडी’ची, प्रथमच अधिकृत नोंद झाली. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या आजाराला नाव मिळाले आणि त्यांच्यातील गजाआड जाणाऱ्यांच्या भरपाईला कात्री लावणारा कायदाही त्याच वर्षी आला, हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे. 1978 मध्ये अमेरिकेतील कैद्यांपैकी सुमारे 24 टक्के माजी सैनिक होते. 2011-12 पर्यंत हे प्रमाण 8 टक्क्यांवर आले.

कापलेली रक्कम वाया जावी, अशी कायद्याची इच्छा नव्हती. पत्नी किंवा पती, मुले आणि अवलंबित आईवडील गरज दाखवून त्या रकमेतील वाटा मागू शकतात. मात्र तो आपोआप मिळत नाही; अर्ज करावा लागतो, आणि अशी सोय आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

तुरुंगातून केलेल्या नव्या दाव्यांचा प्रश्न याहून अवघड होता. 1988 पूर्वी भरपाई नाकारल्यास न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. त्या वर्षीच्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि 1991 मध्ये त्याने स्पष्ट केले की, कैदेतील माजी सैनिकालाही इतरांसारखीच काळजी आणि दखल मिळाली पाहिजे व भरपाई देणाऱ्या माजी सैनिक व्यवहार विभागाने आपली मदत कैदेच्या परिस्थितीला साजेशी केली पाहिजे. 1995 मध्ये न्यायालयाने हाच मुद्दा पुन्हा ठासून मांडला.

तत्त्व मान्य झाले तरी घोडे वैद्यकीय तपासणीपाशी अडते. टक्केवारी ठरवण्यासाठी ही तपासणी बहुधा लागतेच, आणि कैदी स्वतःहून दवाखान्यात जाऊ शकत नाही. त्याला पहाऱ्यात बाहेर न्यायचे, बाहेरचा डॉक्टर तुरुंगात आणायचा, की तुरुंगाच्याच डॉक्टरकडून तपासून घ्यायचे, हे माजी सैनिक व्यवहार विभागाने तुरुंग प्रशासनाशी बोलून ठरवायचे असते. पण तुरुंगावर विभागाची हुकमत चालत नाही. ऐकू कमी येण्याचा साधा दावा घ्या. त्यासाठी परवानाधारक श्रवणतज्ज्ञाने ठरावीक शब्दयादी ऐकवून चाचणी घ्यावी लागते, तीही शांत जागेत, आणि लोखंडी दारांच्या आवाजात ती जागा शोधायची कुठे? तपासणीचे काम आता बहुतांशी खासगी कंत्राटदारांकडे गेल्याने या साखळीत आणखी एक कडी वाढली आहे.

सुटकेनंतरच्या पुनर्वसनासाठी विभागाने 2007 मध्ये तुरुंगात जाऊन भेटणाऱ्या तज्ज्ञांचा कार्यक्रम सुरू केला, तर 2008 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपचार-न्यायालय, म्हणजे आरोपीला तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवणारे न्यायालय, उभे केले आणि पुढे त्याचे अनुकरण अनेक राज्यांत झाले. भरपाईच्या बाबतीत मात्र प्रशासनाचे लक्ष जादा गेलेला पैसा परत मिळवण्याकडेच अधिक राहिले, असे म्हणावे लागते. 2016 मध्ये विभागाच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिले की, कपात वेळेवर न केल्यामुळे कैद्यांना 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम चुकीने दिली गेली होती. अशी जादा रक्कम माजी सैनिकाच्या नावावर कर्ज म्हणून चढते आणि सुटकेनंतर पूर्ण दराने भरपाई सुरू झाली की त्यातूनच वसूल होऊ लागते.