स्त्रीसेविका, शहरी मंडळीतील

गृहभेटी, प्रार्थनासभा, संडे स्कूल (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण), आजाऱ्यांची विचारपूस, समुपदेशन आणि काही ठिकाणी उपासना चालवणारी ख्रिस्ती मंडळीतील (चर्चच्या स्थानिक समुदायातील) स्त्री. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तिला पूर्वी 'बायबलबाई' म्हणत. कॅथलिकांत हे काम मुख्यतः सिस्टर्स आणि धर्मशिक्षण देणाऱ्या बाया करतात. पाळकाची (मंडळीच्या धर्मगुरूची) पत्नी, म्हणजे पाळकीणबाई, हिची नेमणूक कोणीच केलेली नसते. तरी बायकांमधले बरेचसे काम तिच्याच अंगावर पडते.

सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. माजघरात पुरुष मिशनऱ्याला प्रवेश नव्हता. परदेशी बाईला तो मिळे, पण तिची मराठी तोकडी पडे. या अडचणीतून बायबलबाई पुढे आली. घरोघरी जाऊन ती वाचून दाखवी, अक्षरओळख करून देई, दुखणीखुपणी पाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास नेली. नंतरच्या केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांच्या मराठी बायबलची छपाईसुद्धा स्त्रियांनीच केली.

दीक्षेचा, म्हणजे स्त्रीला पाळकपद देण्याचा, प्रश्न पंथागणिक वेगळा आहे. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली. तिथे २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या डायोसिस (बिशपच्या अखत्यारीतले धर्मप्रांत) ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात येतात (स्थापना नागपूर, १९७०), तिथेही स्त्रियांना दीक्षेचा मार्ग खुला आहे. कॅथलिक चर्चमध्ये पुरोहितपद पुरुषांकडेच आहे. वाचक आणि वेदीसेवक ही पदे २०२१ पासून स्त्रियांना रीतसर देता येतात.

व्यवहारात पाठबळाची सुरुवात नेमणूकपत्रापासून होते. त्यात कामाचा भाग (कोणत्या चाळी, कोणती वस्ती), आठवड्याचे तास, सुटीचा वार, मानधन, प्रवासखर्च आणि ती कोणाला जबाबदार आहे हे लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा हटकून राहून जातो. मग पाळक, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीचे सेक्रेटरी आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा असे तिघे तिला वेगवेगळी कामे सांगतात. रविवार हा तिचा कामाचा दिवस. त्यामुळे सुटीचा दुसरा वार ठरवला नाही तर तिला सुटीच उरत नाही. मुंबईत लोकलचा पास आणि फोनचा रिचार्ज मंडळीने द्यावा. ही रक्कम किरकोळ असते, पण मानधनातून गेली की टोचते.

गृहभेटी दोघींनी मिळून कराव्यात: एक अनुभवी, एक शिकाऊ. वस्तीत घरकाम करणाऱ्या बाया दुपारी दोनच्या सुमारास परततात आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला किंवा पाण्याच्या वेळेला पुन्हा अडकतात. मधल्या दोन तासांत अर्ध्या तासाच्या तीनच भेटी नीट होतात. पाच-सहा घरे उरकण्याचा नेम धरला की भेट प्रार्थनेपुरती राहते आणि घरातले खरे दुखणे बाहेर येत नाही. वहीत तारीख, घर आणि पुढे काय करायचे एवढेच टिपावे. ऐकलेली गुपिते लिहू नयेत. मारहाणीची गोष्ट कानावर आली तर 'सोस बाई, प्रार्थना कर' असे सांगून परत पाठवणे धोक्याचे असते. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पाहणारा जिल्ह्याचा संरक्षण अधिकारी यांचे क्रमांक जवळ असावेत. संडे स्कूलच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याने (२०१२) ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कमिटीच्या परवानगीसाठी थांबता येत नाही.

सेविकेच्या स्वतःच्या सुरक्षिततेचाही कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रस्ट आणि संस्थांनाही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य, एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान मंडळीतील सेविकेने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने असते. 'घरची गोष्ट घरातच मिटवू' म्हणत मंडळीतली वडीलधारी माणसे बहुधा याच मुदतीत वेळ काढतात.

वर्षातून एकदा, महिला रविवारी, स्त्रीला उपदेश करायला लावून शाल-श्रीफळ देण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाची उपासना तर पूर्णपणे स्त्रियाच चालवतात, तेव्हा कुवतीची शंका घेण्यात अर्थ नाही. खरी अडचण वेळापत्रकात असते. कमिटीच्या सभा रात्री साडेआठला भरतात. निवडून आलेली सभासद तेव्हा पोळ्या लाटत असते किंवा शेवटच्या बसच्या काळजीत असते. सभा रविवारच्या उपासनेनंतर घेतली आणि शेजारच्या खोलीत मुले सांभाळायला कोणी बसवले, तर हजेरी वाढते. महिला मंडळाने भाकरी-चटणी विकून जमवलेला पैसा मंडळीच्या सामान्य खात्यात गेला की परत मिळवायला अर्ज करावे लागतात. मंडळाचा हिशेब वेगळ्या पावतीपुस्तकावर ठेवावा आणि पैसे काढताना दोघींच्या सह्या लागाव्यात. एकट्या सेविकेला शहरात भाड्याची खोली मिळणे कठीण असते, म्हणून काही मंडळ्या अनामत भरून भाडेकरार संस्थेच्या नावाने करतात. नोकरी सुटल्यावर खोली रिकामी करायला किती मुदत मिळेल, हे त्याच वेळी लिहून घ्यावे.