क्रेट-प्रशिक्षण

कुत्र्याच्या पिल्लाला ठराविक मापाच्या, दार लावता येईल अशा खोक्यात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात आपणहून जाऊन स्वस्थ बसण्याची व झोपण्याची सवय लावण्याच्या पद्धतीस क्रेट-प्रशिक्षण म्हणतात. घरात शी-शू न करण्याची शिस्त लावणे, रात्री पिल्लाला आणि घरातील माणसांना पुरेशी झोप मिळणे, तसेच लक्ष ठेवायला कोणी नसेल तेवढा वेळ पिल्लाला विजेच्या तारा, औषधे व चघळण्याजोग्या घातक वस्तूंपासून दूर ठेवणे, हे या पद्धतीचे मुख्य हेतू होत. साधारणपणे आठ ते सोळा आठवड्यांच्या वयात हे प्रशिक्षण सुरू केले जाते.

संज्ञा : मराठी श्वानपालक व प्रशिक्षक या पद्धतीला ‘क्रेट ट्रेनिंग’ असेच म्हणतात, साधनाला मात्र ‘क्रेट’ आणि ‘पिंजरा’ असे दोन्ही शब्द चालतात. ‘पिंजरा’ या शब्दाला कैदेची छटा असल्यामुळे येथे ‘क्रेट’ हाच शब्द स्वीकारला आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो लॅटिन ‘क्रातिस’ म्हणजे काटक्या विणून केलेला ताटवा किंवा कूड या शब्दापासून आला. दुसऱ्या मतानुसार टोपली या अर्थाचा डच ‘क्रात’ हा त्याचा जनक आहे. इंग्रजीतील त्याचा जुना अर्थ ताटवा, जाळी असाच असल्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. कोंबड्यांच्या डालग्याशी किंवा खुराड्याशी क्रेटचे साम्य केवळ बाह्य आहे. डालग्याखाली पक्षी झाकला जातो. क्रेटमध्ये प्राण्याने दार उघडे असतानाही विश्रांतीसाठी जावे, हे प्रशिक्षणाचे मर्म आहे.

इतिहास : क्रेटचा वापर प्रथम वाहतुकीसाठी झाला, शिस्तीसाठी नव्हे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये भरलेले श्वानप्रदर्शन हे आधुनिक धर्तीचे पहिले प्रदर्शन मानले जाते. पुढे १८७३ मध्ये ब्रिटनमध्ये केनेल क्लब आणि १८८४ मध्ये अमेरिकेत अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाल्यावर प्रदर्शनांसाठी कुत्र्यांची ने-आण वाढली व खोक्यात शांत राहणारा कुत्रा हा मालकाच्या सोयीचा ठरला. विमानवाहतुकीने खोक्याची मापे, हवेची छिद्रे व दाराची कडी यांविषयी नियम आणले. घरगुती शिस्तीचे साधन म्हणून क्रेटचा प्रसार अमेरिकेत बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तत्पूर्वी वर्तमानपत्रावर सवय लावणे, आणि चूक झाली की पिल्लाचे नाक घाणीत घासणे, ही रीत सर्रास होती. ही दुसरी रीत क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. पिल्लू शिक्षेचा संबंध आधीच्या कृतीशी न लावता समोर उभ्या असलेल्या माणसाशी लावते आणि पुढे त्याच्यापासून लपून नैसर्गिक विधी (शी-शू) करू लागते.

गुहावासी प्राण्याचा सिद्धांत व त्यावरील वाद : क्रेटच्या समर्थनार्थ सर्वाधिक सांगितला जाणारा युक्तिवाद असा, की कुत्र्याचा पूर्वज लांडगा हा बिळात राहणारा प्राणी असून क्रेट ही त्या बिळाची प्रतिकृती आहे, म्हणून कुत्र्याला ती उपजतच प्रिय असते. हा युक्तिवाद या रूपात टिकत नाही. लांडग्याची मादी बीळ किंवा खबदाड वापरते ते विण्यासाठी. पिल्ले सुमारे तीन आठवड्यांची झाली, की बिळाच्या तोंडाशी येऊ लागतात आणि आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास कळप बीळ सोडून, तो एकत्र जमतो अशा उघड्यावरील जागांकडे वळतो. प्रौढ लांडगे उघड्यावरच विसावतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजसारख्या माळरानांवर आढळणारा भारतीय लांडगाही याला अपवाद नाही. म्हणजे ज्या वयात पिल्लू माणसाच्या घरी येते, नेमके त्याच वयात त्याच्या रानटी भाईबंदांचा बिळाशी संबंध संपत आलेला असतो. शिवाय बिळाला दार नसते, आणि हा फरक गौण नाही.

भारतातील रस्त्यावरच्या कुत्र्यांवर कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या निरीक्षणांनुसार विणारी मादी माणसांच्या वस्तीजवळचा आडोसा पसंत करते. गाडीखालची, जिन्याखालची किंवा ओट्यालगतची जागा शोधणारी कुत्री मराठी वाचकाने पाहिलेली असतेच. यावरून आडोशाची ओढ खरी ठरते. परंतु ती मुख्यतः प्रसूतीशी व संगोपनाशी निगडित आहे आणि त्यावरून बंद दाराआडच्या आठ तासांचे समर्थन निघत नाही.

पद्धतीच्या यशाचे अधिक पटणारे स्पष्टीकरण निजण्याची जागा स्वच्छ ठेवण्याच्या प्रवृत्तीत सापडते. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आपणहून मलमूत्रविसर्जन करू शकत नाही. आई चाटून त्याला उद्युक्त करते व घाण स्वतःच नाहीशी करते. त्यानंतर चालता येऊ लागताच पिल्लू विधीसाठी निजायच्या जागेपासून दूर सरकते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार साधारण साडेआठ आठवड्यांपासून पिल्ले विधीसाठी ठराविक जागा निवडू लागतात. पायाखाली जे असते, मग ती माती असो, गवत असो, कागद असो वा फरशी, त्याची सवय याच सुमारास पक्की होते. क्रेट या प्रवृत्तीचा उपयोग करून घेते, ती निर्माण करत नाही. म्हणूनच विक्रीच्या दुकानात अरुंद पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत बसावे लागलेल्या पिल्लाची ही प्रवृत्ती बोथट झालेली असते आणि त्याच्या बाबतीत क्रेट बहुधा अपयशी ठरते. हा दोष पिल्लाचा नव्हे. भारतात २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. या शास्त्रीय पार्श्वभूमीवर तिचे महत्त्व विशेष आहे.

रचना व माप : क्रेट तारेच्या जाळीची, कठीण प्लास्टिकची किंवा कापडी असते. पिल्लाला डोके न टेकता उभे राहता यावे, पूर्ण वळता यावे आणि पाय पसरून निजता यावे, इतकी ती मोठी असावी. त्याहून फार मोठी असल्यास पिल्लू एका कोपऱ्यात निजून दुसरा कोपरा विधीसाठी वापरते. यासाठी वाढत्या जातीच्या पिल्लाकरिता सरकता पडदा (आतली जागा विभागणारी आडभिंत) असलेली मोठी क्रेट घेतात व पडदा हळूहळू मागे नेतात. आत सोडताना गळपट्टा व साखळी काढून ठेवावी. जाळीत गळपट्टा अडकून गळफास बसण्याचा धोका असतो.

पद्धत : पहिले काही दिवस दार उघडे ठेवून आत खाऊ टाकणे, जेवण आतच देणे, मग काही सेकंद व पुढे काही मिनिटे दार लावणे, असा क्रम असतो. पिल्लू शांत असतानाच दार उघडावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. कुंईकुंई केल्यावर दार उघडले, तर तो आवाजच दृढ होतो, असे त्याचे कारण सांगतात. हे शिक्षणशास्त्रीय तत्त्व बरोबर असले, तरी आठ आठवड्यांच्या पिल्लाचे रडणे ही पुष्कळदा खरी गरज असते, आणि घाबरलेल्या पिल्लाला रडून थकू देण्याने क्रेटची भीतीच दृढ होते. शिक्षा म्हणून क्रेटचा वापर करू नये, याविषयी सर्व संप्रदायांचे एकमत आहे.

रात्रीची व्यवस्था : आई व भावंडे यांच्या उबेतून आलेल्या पिल्लाची पहिली रात्र ही त्याच्या आयुष्यातील पहिलीच एकटी रात्र असते. त्यामुळे क्रेट स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत न ठेवता माणसाच्या अंथरुणाशेजारी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावी, हे मत आता बहुमान्य झाले आहे. शेवटचे जेवण निजण्यापूर्वी सुमारे तीन तास द्यावे आणि निजण्याच्या अगदी आधी बाहेर न्यावे. पाणी किती आधी उचलावे, याविषयी मतभेद आहेत. उष्ण प्रदेशात ते संध्याकाळीच बंद करणे योग्य नाही. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला रात्रीतून एकदा, क्वचित दोनदा बाहेर न्यावेच लागते. त्याच्या रडण्याची वाट न पाहता गजर लावून आधीच उठणे श्रेयस्कर. मग दर काही रात्रींनी तो गजर पंधरा-वीस मिनिटे पुढे ढकलता येतो. या फेरीत मंद दिवा असावा, खेळ वा गप्पा नसाव्यात, आणि विधी होताच हळू आवाजात शाबासकी देऊन पिल्लाला परत निजवावे. बरीच पिल्ले चार महिन्यांच्या आसपास रात्रभर निजू लागतात. ज्याचे अंथरूण त्यानंतरही ओले होत राहते, त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी प्रशिक्षकाऐवजी पशुवैद्याकडे जावे.

‘जनरेशन पप’ या ब्रिटनमधील दीर्घकालीन प्रकल्पाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सोळा आठवड्यांपूर्वी रात्री क्रेटमध्ये किंवा एका खोलीत ठेवलेल्या पिल्लांमध्ये सहा महिन्यांच्या वयात एकटेपणाशी निगडित तक्रारी कमी आढळल्या. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तसेच त्यात क्रेट व खोली यांचा एकत्र विचार केलेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

कामाच्या दिवसांतील वापर : वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून येईल तितके तास पिल्लू लघवी रोखू शकते, असा ठोकताळा प्रचलित आहे. तो कमाल मर्यादा म्हणूनच वाचला पाहिजे. जागेपणी, खेळल्यावर व जेवणानंतर ही क्षमता पुष्कळच कमी असते. अमेरिकेतील प्राणिकल्याण संस्थांच्या मार्गदर्शनानुसार सहा महिन्यांखालील पिल्लाला सलग तीन-चार तासांपेक्षा अधिक काळ क्रेटमध्ये ठेवू नये. मुंबईत लोकलचा प्रवास धरून दहा-अकरा तास घराबाहेर राहणाऱ्या माणसाला या गणितात बसणारी कोणतीही क्रेट नाही, आणि हे पिल्लू आणण्यापूर्वीच मान्य करायला हवे. अशा घरांत क्रेटचे दार उघडे ठेवून तिच्याभोवती जाळीचे कुंपण उभारतात, एका बाजूला कागद वा शोषक गादी व दुसऱ्या बाजूला पाणी ठेवतात, आणि दुपारी शेजारी, नातेवाईक किंवा घरकामाच्या मावशी यांपैकी कोणीतरी येऊन पिल्लाला जेवण घालते व मोकळे करते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत नेणे पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांमुळे धोक्याचे असते; १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. परिणामी शहरी सदनिकांत कागदावरची सवय आधी व बाहेरची नंतर असा दुहेरी क्रम स्वीकारावा लागतो. त्यात वेळ अधिक जातो, पण तो टाळता येत नाही.

हवामान : कुत्र्याच्या शरीराचे प्राकृत तापमान सुमारे ३८.३° ते ३९.२° से. असते आणि ते मुख्यतः धापा टाकून राखले जाते. विदर्भातील उन्हाळ्यात किंवा कोकण व गोव्याच्या दमट हवेत कापडाने झाकलेली प्लास्टिकची क्रेट त्यामुळे धोकादायक ठरू शकते. वीज गेल्यावर पंखा थांबलेल्या बंद घरात पिल्लू आत असणे, ही परिस्थिती येऊच देऊ नये. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो.

निषिद्ध स्थिती व कायदा : क्रेटमध्ये शिरताच लाळ गाळणे, जाळी चावून दात मोडणे, नखे रक्ताळेपर्यंत उकरणे, ही तीव्र भीतीची लक्षणे होत. ती दिसताच बंद क्रेटचा वापर थांबवावा व पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. ‘पेटा’सारख्या प्राणिहक्कवादी संघटनांचा क्रेटला तत्त्वतः विरोध आहे. स्वीडन व फिनलंडमध्ये कुत्र्यास बंद पिंजऱ्यात ठेवणे वाहतूक, आजारपण अशा तात्पुरत्या कारणांपुरते मर्यादित आहे. स्वीडनच्या नियमांनुसार कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी, आणि पिल्लाला त्याहून अधिक वेळा, बाहेर सोडावे लागते. भारतात क्रेटविषयी स्वतंत्र कायदा नाही. तथापि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणे, तसेच सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवण्यात कसूर करणे, या दोन्ही गोष्टी अपराध ठरतात.