बगळ्याचे तुरे आणि रक्तचंदनाचं खोड

रक्तचंदन आज संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे, तर लहान बगळा भातखाचरापासून गटाराच्या नाल्यापर्यंत कुठेही दिसतो. जोडी विजोड वाटेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी चोरट्या व्यापाराचा माल होता तो हा बगळाच.

विणीच्या हंगामात त्याच्या पाठीवर आणि छातीवर झिरझिरीत तुरे फुटतात, मानेमागे दोन लांब पिसं लोंबू लागतात. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी ही पिसं सोन्याहून महाग विकली जात. तुरे विणीतच येत असल्याने शिकारी थेट सारंगागारावर, म्हणजे बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीवर जात. आईबाप मारले गेले की मागे पिल्लं उपाशी मरत. १९०२ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून पिसांची निर्यात बंद केली, तरी माल चोरून जातच राहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर तुऱ्यांसाठी बगळे पाळले जात. खरा फरक पडला तो गिऱ्हाईक आटल्यावर. पहिल्या महायुद्धानंतर केस आखूड झाले, भल्याथोरल्या टोप्या मागे पडल्या आणि १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवरच बंदीचा कायदा केला. पक्षी सावरला. ज्या इंग्लंडात त्याच्या पिसांचा बाजार भरायचा, तिथल्या ब्राउन्सी बेटावर १९९६ मध्ये त्याने घरटी बांधली!

रक्तचंदनाचं गिऱ्हाईक अजून शाबूत आहे. हे झाड आंध्रातल्या कडप्पा, चित्तूर, नेल्लोरकडच्या डोंगरांचं. शेषाचलमचे कोरडे, खडकाळ उतार हे त्याचं खरं घर. पूर्वी कोरोमंडल किनाऱ्यावरून त्याचं लाकूड युरोपात कापड रंगवायला जाई. कृत्रिम रंग आले आणि ती मागणी ओसरली. आपल्याकडे सुजेवर लेप लावायला खोड सहाणेवर उगाळतात (वास नसतोच, नुसता लाल रंग), पण तेवढ्याने जंगल उठत नाही. ते उठलं चीनमधल्या उंची फर्निचरपायी. १९९५ पासून साइट्स या धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, तरी तस्करी थांबली नाही. संकटग्रस्त जीवजातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने २०१८ मध्ये झाडाचा धोका दोन पायऱ्या कमी दाखवला आणि २०२१ मध्ये पुन्हा 'संकटग्रस्त' असा शेरा मारला.

शिवाय बगळी एका विणीत तीन ते पाच अंडी घालते. इथे खोडाचा लाल गाभा भरायलाच काही दशकं लागतात. भोवतालच्या फिकट लाकडाला भाव नाही. म्हणून कुऱ्हाड जून झाडांवर पडते, आणि बी धरणारीही तीच असतात.