नॅनोट्यूबमधला उजेड: भेटीचा की धडकेचा?

कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नलिकेच्या) ट्रान्झिस्टरमधून अवरक्त प्रकाश निघतो, हे आयबीएमच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले आणि २००५ साली तिथूनच वेगळ्या कारणाने निघणाऱ्या, कितीतरी प्रखर प्रकाशाची नोंद झाली. कॅमेऱ्यात दोन्ही ठिपकेच दिसतात. त्यामुळे सिम्युलेशनमध्ये एकाचे गणित दुसऱ्याला लावले जाण्याचा धोका असतो.

पहिला प्रकाश पुनर्संयोगाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) भेटून एकमेकांना संपवतात तेव्हाचा. एका टोकाने (सोर्स) इलेक्ट्रॉन व दुसऱ्या टोकाने (ड्रेन) होल शिरतात आणि नलिकेतील विभव जिथे गेटच्या, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या तिसऱ्या विद्युताग्राच्या, विभवाइतका होतो, तिथे त्यांची गाठ पडते. चॅनेल (सोर्स ते ड्रेन हा मार्ग) लांब असेल, दोन्ही वाहकांची गतिशीलता समान आणि थ्रेशोल्ड (प्रवाह सुरू व्हायला गेटवर लागणारे व्होल्टेज) शून्य धरले, तर हा हिशेब कागदावरही होतो: गेट-व्होल्टेजच्या वर्गाला, तोच वर्ग अधिक ड्रेन व गेट यांच्या व्होल्टेजमधील फरकाचा वर्ग, या बेरजेने भागले की सोर्सपासूनचे अंतर चॅनेलच्या लांबीच्या प्रमाणात मिळते. ड्रेनवर १० आणि गेटवर ३ व्होल्ट असतील तर ९ भागिले ५८, म्हणजे ठिपका साधारण साडेपंधरा टक्क्यांवर. ४ व्होल्टला तो एकतीस टक्क्यांवर सरकतो आणि ५ व्होल्टला बरोबर मध्यावर येतो, जिथे प्रवाह किमान असतो. अशा लांब चॅनेलला ड्रिफ्ट-डिफ्यूजनची समीकरणे पुरतात; वाहक क्षेत्राने ओढले जातात आणि दाट भागातून विरळ भागाकडे पसरतात, एवढेच ती धरतात.

दुसऱ्या प्रकाराला मात्र एकाच जातीचे वाहक पुरेसे असतात. नलिका ऑक्साइडवरून खाचेवर अधांतरी जाते, अशा कडेला विद्युतक्षेत्र एकदम वाढते. तिथे वाहकाला इतकी ऊर्जा मिळते की त्याच्या धडकेने नवा एक्सायटॉन (एकमेकांना बांधलेली इलेक्ट्रॉन-होल जोडी) जन्मतो आणि तो विझताना प्रकाश देतो. वाटेत प्रकाशीय फोनॉन (नलिकेतील अणूंच्या कंपनांचे ऊर्जाकण) वाहकाची सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा एका वेळी हिरावून घेत असतात, म्हणून हा दर क्षेत्रावर घातांकी रीतीने अवलंबून असतो. साधे ड्रिफ्ट-डिफ्यूजन वाहकाच्या ऊर्जेचा हिशेबच ठेवत नाही. पुनर्संयोगाच्या गणितातला इलेक्ट्रॉन व होल यांच्या घनतांचा गुणाकार इथे जवळजवळ शून्य येतो आणि प्रयोगात ठिपका लखलखत असताना मॉडेल अंधार दाखवते. इथे वाहकांच्या ऊर्जेचाही हिशेब ठेवणारे बोल्ट्झमन समीकरण किंवा मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांची गणनपद्धत) लागते आणि कडेजवळ गणनेच्या बिंदूंची जाळीही फार बारीक घ्यावी लागते, कारण क्षेत्रातली लहानशी चूक घातांकात भलतीच फुगते.

गेट-व्होल्टेज बदलल्यावर ठिपका सरकला तर तो पुनर्संयोगाचा, कडेलाच चिकटून राहिला तर बहुधा धडकेचा. पण चॅनेल तरंगलांबीहून आखूड असेल तर सरकणे दिसतच नाही. मग प्रवाह पाहावा: गेट-व्होल्टेज बदलताना प्रवाह किमान असतो तेव्हाच प्रकाश कमाल होत असेल, तर ती भेट आहे.