पार्श्वभूमी : 'निक्कॉर' नाव न मिळालेली शंभरची लेन्स

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नाचं काम करणारी तरुण मुलं पुन्हा हाताने फोकस करायच्या जुन्या मॅन्युअल लेन्स शोधू लागली आहेत. राजहंसगडावरच्या प्री-वेडिंगला मिररलेस (आत आरसा नसलेली डिजिटल) बॉडी, जुनी लेन्स तिला जोडणारा अडॅप्टर आणि पोर्ट्रेट लेन्स हवी असते. मागणी असते ती निकॉनच्या मानाच्या 'निक्कॉर' मालिकेतल्या १०५ एमएम एफ/२.५ ला. निकॉन सीरीज ई १०० एमएम एफ/२.८ पुढे केली की "ती प्लॅस्टिकची?" म्हणून बाजूला सारली जाते.

एकशेपाचची कीर्ती रास्तच आहे. निकॉनच्या एफ माउंटवर (बॉडीला लेन्स अडकवायच्या जोडणीवर) ती १९५९ पासून, १९७१ मध्ये तिची काचरचना बदलली. शंभरची गोष्ट सुरू होते १९७९ मध्ये. त्या वर्षी निकॉनचा ईएम हा छोटा, स्वस्त, शटर स्वतः ठरवणारा कॅमेरा आला. पहिल्यांदाच एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) घेणाऱ्यांसाठी तो होता, आणि त्याच्या जोडीला हलक्या सीरीज ई लेन्स काढल्या गेल्या.

ज्या निर्णयावर माझा आक्षेप आहे, तो इथेच झाला. या लेन्सवर 'निक्कॉर' हे नाव कोरायचं नाही, असं ठरलं. बाहेरच्या नळीत प्लॅस्टिक वापरलं, कोटिंगमध्ये काटकसर केली, जुन्या बॉडीच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जोडणारे 'कान' काढले. महागड्या मालिकेचा मान राखायचा म्हणून हे वेगळेपण नावातही दाखवलं गेलं, इतपत समजून घेता येतं. पण माउंट धातूचंच होतं, आणि याच मालिकेतल्या ५० एमएम एफ/१.८ ची काचरचना पुढे निक्कॉर नावानेच विकली गेली. म्हणजे नाव नाकारलं ते काचेच्या दर्जावरून नव्हे, बाजाराच्या हिशेबाने. ग्राहकाने मात्र त्याचा अर्थ 'दुय्यम माल' असाच घेतला, आणि तो समज चार दशकं टिकला. माझ्या मते या लेन्सवर झालेला हा सरळ अन्याय आहे.

एकशेपाचच्या जवळपास निम्मं वजन, तोच ५२ एमएमचा फिल्टर, जवळात जवळ तेच एक मीटर अंतर आणि सातच पाकळ्यांचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र). उघड्या अ‍ॅपर्चरला मुंडावळ्यांच्या सरी विरघळतात आणि मागे नवरीचे डोळे स्वच्छ उठतात. दिवसभर मांडवात उभं राहणाऱ्याला वाचलेल्या वजनाची किंमत वेगळी सांगायला नको.

रोलच्या काळात निकॉनच्या एफएम२ कॅमेऱ्यावर ही लेन्स बिनतक्रार चालायची. डिजिटल आलं आणि अडचण झाली. सुरुवातीच्या किमतीच्या निकॉन बॉडींवर मॅन्युअल लेन्सला मीटरच मिळेना. त्यात छोट्या सेन्सरवर शंभरची दीडशेसारखी दिसते. गल्लीतल्या अरुंद स्टुडिओत मागे सरकायला जागा कुठून आणायची? मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम मिररलेसने हे दोन्ही प्रश्न सोडवले.

आता घेताना बघायचं ते बुरशीकडे. इकडचा पावसाळा लेन्सला सोसत नाही, म्हणून टॉर्च मारून आतली काच तपासावी आणि पाकळ्यांवर तेल आलंय का पाहावं. एक सोय मात्र आहे. हिच्यात चारच काचा, त्याही सुट्या. दोन काचा चिकटवलेला जोड नाही, त्यामुळे जुन्या लेन्समध्ये जोड सुटून पडणारा धुरकट डाग इथे संभवत नाही.